प्रयोजनाचा रकाना

भाद्रपदातल्या दुपारी पहिली पाळी सुटते तेव्हा आमच्या कंपनीच्या फाटकापाशी एक विशिष्ट वास दाटून येतो. यंत्रांना गार ठेवणाऱ्या त्या दुधट तेलपाण्याचा, तापून निवलेल्या लोखंडाचा, शेकडो माणसांच्या घामाचा, आणि पाऊस नुकताच थांबून ऊन पडलेले असेल तर कुंपणापलीकडच्या ओल्या टाकळ्याचाही. बावीस वर्षे मी तो वास घेत आले आहे. रहाटणीहून कंपनीच्या बसने चाकणला यायचे, दिवसभर माणसांच्या फायली सांभाळायच्या आणि त्याच बसने परतायचे, हा माझा क्रम. कामगार मला 'एचआरच्या मॅडम' म्हणतात. माझे नाव त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या दुपारी सुरक्षा विभागातल्या मानेकाकांनी मला तातडीने फाटकावर बोलावून घेतले. त्यांच्या केबिनमधल्या टेबलावर, आवक-जावकच्या जाड रजिस्टरशेजारी, एक टिटवी उभी होती.

ती लोखंडाची आहे हे कळायला मला एक क्षण लागला, आणि त्या क्षणाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. बाद झालेल्या पातळ पट्ट्या कातरून एकावर एक बसवलेली पिसे, तापवलेल्या पोलादावर चढतो तो निळसर-जांभळा रंग नेमका मानेवर आणि पाठीवर उतरवलेला, डोळ्यापुढे तांब्याच्या वायसरचा लालसर तुकडा, आणि पिवळे लांब पाय पितळी सळ्यांचे. एक पाय जमिनीवर रोवलेला, दुसरा किंचित उचललेला, म्हणजे आता ती पळणार की तुमच्यावर धावून येणार हे तिचे तिलाही ठरवता येत नव्हते. पोटाखाली चार पोलादी गोळे, मोठ्या आवळ्याएवढे. तुटलेल्या बेअरिंगमधले ते गोळे तापवून, त्यांच्यावर तेलाचे थेंब सोडून काळपट ठिपके उठवले होते. केबिनच्या खिडकीतून आलेले तिरपे ऊन तिच्या पाठीवर पडले होते आणि बाहेर बसचे हॉर्न वाजत होते.

शेजारी मिलिंद ओव्हाळ उभे होते, रिकामी पिशवी हातात धरून. देखभाल विभागातले जुने फिटर, वेल्डिंगचा हात अतिशय साफ. मूळचे चऱ्होलीचे, वडिलांचे आयुष्य पिंपरीच्या एका ओतशाळेत भट्टीपुढे गेले. बोलणे कमी, कामाबद्दल तक्रार नाही. हल्ली कंपन्यांतून दुर्मीळ झालेली कायम नोकरी, आणि मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पिशवीत कंपनीचा माल सापडला म्हणजे चोरी, आणि चोरीचा शिक्का घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला या पट्ट्यातले एकही फाटक पुन्हा उघडत नाही. हे त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि खाली मान घालून रजिस्टरची पाने चाळणाऱ्या मानेकाकांनाही ठाऊक होते.

आमच्या फाटकातून टाचणीसुद्धा पासाशिवाय बाहेर जात नाही. पासावर वस्तूचे नाव, नग, परत येणार की नाही, आणि शेवटी एक रकाना: प्रयोजन. दुरुस्तीसाठी, नमुन्यासाठी, तपासणीसाठी, भंगारासाठी. टिटवीला पास नव्हता. असता तरी त्या रकान्यात ओव्हाळांनी काय लिहिले असते?

तरी ती टिटवी इतके महिने आत सुखाने राहिली होती, ओव्हाळांच्या कपाटात, जुन्या हातमोज्यांच्या मागे. तिला बाहेर काढावे लागले ते लाल चिठ्ठ्यांच्या आठवड्यामुळे. वर्षातून दोनदा आमच्याकडे हा आठवडा येतो. तपासणीची माणसे विभागाविभागातून हिंडतात, कपाटे-खण उघडतात आणि ज्या वस्तूचा उपयोग सांगता येत नाही तिच्यावर लाल चिठ्ठी लावतात. तीस दिवसांत उपयोग सिद्ध झाला नाही तर वस्तू भंगारात. पद्धत चांगली आहे, मी तिच्यावर सुवाच्य अक्षरात फलकही लिहिले आहेत. 'निरुपयोगी ते हटवा' हे घोषवाक्य माझेच. ओव्हाळांनी ते रोज येता-जाता वाचले असणार.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक चौकशी झाली. आमच्या विभागाचे साहेब, ओव्हाळ, आणि कागद-पेन घेऊन मी, नोंद करायला. साहेब वाईट माणूस नाही, आणि हीच खरी अडचण आहे. वाईट माणसावर निदान निर्धास्त चिडता तरी येते. लहानपणी ते पाच वर्षे तबला शिकले होते, दहावीला 'पुढे काय' म्हणून सोडला. अजूनही बैठक लांबली की त्यांची बोटे टेबलाच्या कडेवर चालू लागतात आणि कुणी पाहिले की थांबतात. त्यांनी टिटवीकडे बराच वेळ पाहिले, चष्मा काढून पुसला आणि विचारले, "ओव्हाळ, हे कशासाठी बनवलं?"

"करावंसं वाटलं, साहेब."

मी ते लिहिले. साहेबांनी पुढचे प्रश्न विचारले. विकायला? नाही. कुणाला भेट द्यायला? नाही. घरात शोकेसमध्ये ठेवायला? घरात शोकेस नव्हते. कुणी ऑर्डर दिली होती? नाही. युनियनचा कसला निषेध वगैरे? यावर ओव्हाळ किंचित हसले आणि पुन्हा गंभीर झाले. कामाच्या वेळेत केले का? नाही, चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत, चार महिने. म्हणजे चार महिने तुम्ही धड जेवला नाहीत? साहेबांनी पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळावे आणि ओव्हाळांनी पुन्हा तेच उत्तर द्यावे, असे तीनदा झाले. माझ्या कागदावर 'करावेसे वाटले' हे शब्द एकाखाली एक तीनदा आले, आणि कार्यालयीन शाईत ते फारच पोरके दिसू लागले.

ओव्हाळ बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, काहीतरी कारण घाला. कारणाशिवाय मला ही फाइल बंद करता येत नाही."

आणि मी घातले. मराठीत एम. ए. केलेल्या बाईला एवढे तर जमलेच पाहिजे. येत्या सुरक्षा सप्ताहात 'टाकाऊतून टिकाऊ' असे प्रदर्शन भरवावे, त्यासाठी नमुना म्हणून सदर कामगाराने स्वयंप्रेरणेने सदर कलाकृती तयार केली व पूर्वपरवानगी न घेतल्याबद्दल तो दिलगीर आहे. एका वाक्यात मी चोरीचे रूपांतर सूचनेत करून टाकले, आणि गुन्हेगाराचे आदर्श कामगारात. ओव्हाळांनी तो कागद दोनदा वाचला.

"हे खोटं हाय ना मॅडम?"

"नोकरी खरी आहे," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

विद्यार्थिदशेत मी काव्याची प्रयोजने पाठ केली होती. जुन्या आचार्यांनी ती मोठ्या प्रेमाने सांगितली आहेत: कीर्ती, द्रव्य, व्यवहाराचे ज्ञान, अमंगळाचे निवारण, तत्काळ मिळणारा आनंद, आणि प्रियेने सांगावा तसा गोड उपदेश. परीक्षेत त्यावर मला भरघोस गुण मिळाले होते. त्याच दुपारी, फाइल बंद करताना मी टिटवीला त्या यादीतून चालवून पाहिले. आनंदापाशी ती जराशी अडखळली, पण चार महिने उपाशीपोटी वाकून बसलेल्या माणसाच्या तोंडावर मला आनंद काही दिसला नव्हता. यादी संपली आणि टिटवी एक पाय उचलून तशीच उभी राहिली.

सुरक्षा सप्ताह आला, गेला. टिटवीला स्वागतकक्षात काचेच्या टेबलावर मानाची जागा मिळाली. खाली पाटी: 'टाकाऊतून टिकाऊ – आमची पर्यावरणनिष्ठा'. ओव्हाळांचे नाव नव्हते, कारण नाव घातले तर इतर विभाग नाराज होतात. अंडीही नव्हती. सुटे गोळे घरंगळतील, कुणाचा पाय घसरेल, सुरक्षेचा प्रश्न, असे ठरले. मानेकाकांनी जप्तीच्या दिवशी ते एका पाकिटात मोहोरबंद करून माझ्याकडे दिले होते, ते माझ्या खणातच राहिले. अंड्यांवाचून ती टिटवी म्हणजे नुसता एक पक्षी झाला. ती कशावर धावून जाते आहे हेच कळेना. पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत.

मला राग कशाचा येतो ते सांगते, उगाच आडून कशाला बोला. आमच्या रहाटणीच्या चौकात चित्रकलेच्या क्लासची जाहिरात आहे: 'एकाग्रता वाढते, गणित सुधारते'. अहो, गणितच सुधारायचे असेल तर गणित शिकवा ना, बिचाऱ्या रंगांना कशाला वेठीला धरता? उड्डाणपुलाच्या खांबांवर स्वच्छतेच्या स्पर्धेसाठी गुलाबी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, काढले आहेत. जो पक्षी या चौकात कधी उतरला नाही तो भिंतीवर, आणि जी टिटवी रोज डोक्यावरून ओरडत जाते तिला कुणी विचारीत नाही. माझी भाची हिंजवडीच्या एका कंपनीत आहे. तिथे शुक्रवारी मातीकामाचा तास असतो, म्हणजे डोके हलके होते आणि सोमवारी काम जास्त उरकते. तिने केलेली वाटी जरा वाकडी होती, सुंदर वाकडी, आणि त्यावरही तिला आठवड्याच्या अहवालात दोन ओळी लिहाव्या लागल्या. शेजारच्या बाई मुलीच्या गाण्याबद्दल विचारतात, "स्कोप काय त्याला?" जणू गाणे म्हणजे भाड्याने द्यायचा गाळा आहे. हे सगळे ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि ही आग इतरांवर ओतून मी मोकळी झाले असते तर बरे झाले असते. पण माझीही एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात मी काय लिहीत असे ते आता सांगत नाही. चांगले होते की नव्हते हा प्रश्नच वेगळा. लग्नानंतर तीन-चार वर्षे ती उशीशी होती, मग कपाटात, मग माळ्यावर. नवऱ्याने कधी तिला हात लावला नाही, सासरी कुणी नाके मुरडली नाहीत. 'याचा उपयोग काय' हे मला कुणीही विचारले नाही. मीच एका रविवारी, घर आवरताना, स्वतःला विचारले, उत्तर आले नाही, आणि वही रद्दीत गेली. लाल चिठ्ठीची पद्धत कंपनीत येण्याच्या कितीतरी आधी मी ती घरी राबवली होती.

दिवाळीच्या सुमारास परदेशी ग्राहकांचे शिष्टमंडळ येणार होते. त्यांना काही स्थानिक, अभिनव भेट द्यावी असे वर ठरले आणि ओव्हाळांना बारा टिटव्यांचे काम लेखी देण्यात आले. कामाच्या वेळेत, नवे साहित्य वापरून. माझ्या त्या एका वाक्याला बारा पिले झाली होती. ओव्हाळांनी नकार दिला नाही. आठवड्याभरात बारा टिटव्या तयार झाल्या, एका मापाच्या, स्वच्छ, चकचकीत, दोन्ही पाय जमिनीवर सरळ टेकलेल्या. सगळ्यांना फार आवडल्या. साहेबांनी त्यांतली एक हातात घेतली, पायांवरून अंगठा फिरवला आणि ती खोक्यात ठेवली.

मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ओव्हाळांना शोधत गेले. ते रंगकामाच्या शेडमागे, कंटेनर उभे करायला सपाट केलेल्या मैदानाच्या कडेला बसून डबा खात होते. हल्ली ते जेवत होते. ऊन सौम्य होते, खडीतून गवताची पाती वर आली होती, आणि दूर दोन टिटव्या तुरुतुरु धावत, थबकत, पुन्हा धावत होत्या. मला वाटते, मी माफी मागायला आले आहे हे त्यांना दिसले असावे, कारण ते आपण होऊनच बोलू लागले.

वैशाखात हे मैदान सपाट करायचे काम निघाले तेव्हा मागे येणाऱ्या रोलरला हात दाखवायला देखभालीतून त्यांना पाठवले होते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. आता टिटवी ओरडते त्यात नवल ते काय? माणूस दिसला, कुत्रे दिसले, कंटेनर आला, ती ओरडतेच. या पट्ट्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पंख्याच्या घरघरीसारखा तो आवाज कानाआड होऊन जातो. चऱ्होलीच्या माळावर, आता जिथे बारा मजल्यांच्या इमारती आहेत तिथे, लहानपणी ढोरांमागे फिरताना ओव्हाळांना तो आवाज नीट कळत असे. टिटवी अशी खाली झेपावून ओरडली की पाऊल जिथल्या तिथे थांबवायचे, कारण अंडी उघड्या खड्यांत असतात आणि खड्यांसारखीच दिसतात. पण त्या दिवशी ते फिटर होते. हेल्मेट काढून त्यांनी तिला हाकलले आणि रोलरला हात दाखवला, ये, ये, अजून ये.

मी म्हणाले, अहो, मग हे चौकशीत का नाही सांगितले? साहेबांना सुद्धा पाझर फुटला असता. मला खोटे लिहावे लागले नसते. माझ्या आवाजात राग होता, आणि तो आपण चुकीच्या ठिकाणी काढतो आहोत हे मला बोलताबोलताच कळत होते.

ओव्हाळांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "सांगितलं असतं तर साहेब म्हणले असते, बरं, म्हणून केलं व्हय. म्हणून न्हाई केलं मॅडम. वाईट वाटलं ते चार दिवसांत गेलं आसतं. चार महिने गेले ते पायापायी. पाय जमंना."

मग ते कितीतरी वेळ पायांबद्दल बोलले. टिटवीचा गुडघा आपल्याला उलटा वाटतो तो गुडघाच नव्हे. सळी तापवून वाकवली की ती बगळा होते, कोंबडी होते, टिटवी होत नाही. एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि ती मेल्यासारखी कलंडते; जिवंत टिटवी कलंडत नाही, कारण ती पुढच्या क्षणात अर्धी गेलेली असते. तो पुढचा अर्धा क्षण लोखंडात कसा बसवायचा? म्हणून ते रोज डबा घेऊन इथे येत, तिच्याकडे बघत, परत जाऊन जोड तोडत. आवाज चढलेला नव्हता, पण असे बोलताना मी त्यांना बावीस वर्षांत पाहिले नव्हते. बारा टिटव्यांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

मी परत जाऊन जागेवर बसले तेव्हा माझा राग कमी झालेला नव्हता, त्याला फक्त पत्ता मिळाला होता. दुःख झाले म्हणून केले, हे सांगितले असते तर मीसुद्धा सुखाने मान डोलावली असती. दुःखाला वाट मिळाली, मन हलके झाले, म्हणजे तोही एक उपयोगच. मग ती चिठ्ठी लाल नसती, इतकेच. अंडी चिरडली गेली म्हणून ते त्या मैदानाकडे पुन्हा बघू लागले हे खरे, पण पुढे ते बघणेच त्यांना धरून बसले. चिरडलेल्या अंड्यांचे काही देणे टिटवी घडवून फिटत नाही, आणि ते फिटावे म्हणून कुणी चार महिने गुडघ्याच्या कोनापाशी अडून राहत नाही.

मार्गशीर्षात लाल चिठ्ठ्यांचा आठवडा पुन्हा आला आणि या खेपेला कार्यालयांतही फिरला. माझा खण उघडला गेला. तपासणीला आलेल्या मुलीने पाकीट हलवून पाहिले. आत लोखंड लोखंडावर आपटले. "मॅडम, याचा उपयोग?" तिने अगदी नम्रपणे विचारले. माझ्या ओठांवर तीन कारणे तयार होती, तिन्ही व्याकरणशुद्ध. मी एकही दिले नाही. तिने लाल चिठ्ठी लावली आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी पाकीट उचलले आणि स्वागतकक्षात गेले. तिथे मानेकाकांची पाळी होती. मोहोर फोडून मी चारही गोळे टिटवीखाली ठेवू लागले, तसे ते रजिस्टर घेऊन उठले. एका विभागातली वस्तू दुसऱ्या विभागात गेली की नोंद हवी. नियम मीच सगळ्यांना समजावून सांगत आले होते. त्यांनी तारीख घातली, 'पोलादी गोळे, नग चार' असे लिहिले, आणि शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबवले.

"काय लिवू म्याडम हितं?"

मी त्यांच्याकडे पाहिले. त्या मोठ्या, थंड, काचेच्या खोलीत मला खरोखरच काही सुचले नाही, आणि रागाने माझे डोळे भरून आले. त्यांच्यावरचा राग नव्हे. मानेकाका लातूरकडचे, अर्धे आयुष्य रानात काढून मग या खुर्चीत येऊन बसलेले. मग त्यांची नजर माझ्यावरून टिटवीवर गेली, तिच्या उचललेल्या पायावर, आणि तिथून खाली. त्यांनी रजिस्टर न मिटताच बाजूला ठेवले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि काचेवर जरा दूर घरंगळलेला चौथा गोळा दोन बोटांनी हळूच आत सरकवला.

"एक उघड्यावर ऱ्हायलं हुतं," ते म्हणाले.

रकाना त्या दिवशी कोराच राहिला. पुढच्या तपासणीत तो कुणाच्या तरी नजरेस पडेल आणि कारण विचारणारा कागद माझ्याच टेबलावर येईल. त्याचे उत्तर मी अजून तयार केलेले नाही. घरी जाताना बस चौकात थांबली तेव्हा मात्र मी उतरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वही घेतली. दुकानदाराने सवयीने विचारले, कशासाठी पाहिजे, म्हणजे तशी रेघांची देतो.

मी म्हटले, कोरी द्या.